पडत्या वर्षी काय विकाल?

पत्र

'गेल्या महिन्यात मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. हे चौसष्टचे, तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेत. मला पेन्शन आहे, पण ती वाढत नाही. यांना पेन्शन नाही. घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही. आजवरची सगळी बचत यांनी मुदत ठेवींत ठेवली. 'मुद्दल शाबूत तर झोप शाबूत' हे यांचं ठरलेलं वाक्य. माझी निवृत्तीची रक्कम हातात आली तसं मुलाने सुरू केलं, ठेवीत पैसा सडतो, सगळं शेअर बाजाराच्या फंडात टाका, लांबच्या मुदतीत बाजार वरच जातो. तोच मुलगा महिन्याभराने म्हणाला, धंदा वाढवायचाय, मला थोडी रक्कम द्या, बँकेपेक्षा जास्त व्याज देईन. मुलगी काहीच बोलत नाही, पण तिच्या न बोलण्याचाही मला अर्थ लागतो. त्यात यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दर वर्षी बारा टक्के 'हमखास' देणारी योजना आणली आहे. आजवर पैशाचं सगळं हेच बघत आले. मी सही कुठे करायची एवढंच विचारायचे. आता वाटतं, आपल्यालाही कळायला हवं. बापलेकात बरोबर कोण? मुलाला पैसे द्यावेत का? हे पत्र लिहिल्याचं घरात कोणाला माहीत नाही.'

उत्तर

ताई,

पत्रासोबत तुम्ही सगळे आकडे पाठवलेत, आणि तेही दोनदा तपासून. ते इथे छापत नाही. त्याऐवजी एक माप घेऊ. तुमच्या घराचा वर्षाचा सगळा खर्च म्हणजे १. या मापाने तुमची पेन्शन ०.३ भरते. म्हणजे वर्षाला ०.७ ची तूट पुंजीतून भरून काढायची आहे. दोघांची मिळून पुंजी आहे १८. मुलगा मागतो आहे ४. 'थोडी रक्कम' हा शब्द त्याचा की तुमचा, ते पत्रावरून कळलं नाही, पण चार वर्षांचा घरखर्च म्हणजे थोडी रक्कम नव्हे.

हे माप मला आवडतं, कारण पुंजीचा आकडा कितीही शून्यांचा असला तरी नुसता बघून तो मोठा की लहान हे कळत नाही. आपल्या खर्चाने भागलं की लगेच कळतं.

बापलेकात बरोबर कोण, हा प्रश्न मी थोडा बाजूला सारणार आहे. दोघं ज्यावर भांडतायत तो आहे परतावा. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही दोघं आता कमावत नाही, म्हणजे दर वर्षी काहीतरी मोडून खाणार. तेव्हा ज्या वर्षी बाजार पडलेला असेल त्या वर्षी तुम्ही काय मोडणार? याचं उत्तर आज कागदावर असेल तर बाकीचं जमून जातं. नसेल तर वडिलांची पद्धतही चुकेल आणि मुलाचीही.

आधी यजमानांकडे वळते. त्यांची झोप खरी आहे, तिची थट्टा करू नका. पण शाबूत काय राहतं ते एकदा बघू. बहात्तरला महागाईच्या दराने भागलं, की किती वर्षांत किमती दुप्पट होतील ते कळतं. हा आडाखा १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात छापलेला सापडतो, म्हणजे पाचशे वर्षं तो फुकट उपलब्ध आहे. महागाई सहा टक्के धरा. बारा वर्षांनी तुम्ही ७२ च्या असाल आणि आजचा १ चा खर्च २ झालेला असेल. ८४ व्या वर्षी तो ४ असेल. तुमची पेन्शन मात्र ०.३ च. आज ती घराचा तीस टक्के खर्च उचलते, ७२ व्या वर्षी पंधरा उचलेल, ८४ व्या वर्षी साडेसात. पेन्शनच्या कागदावरचा आकडा शेवटपर्यंत तोच राहील, कोणी तुमचा एक पैसाही बुडवलेला नसेल, आणि तरी ती विरघळत गेलेली असेल.

आता समजा १८ च्या १८ मुदत ठेवीत ठेवले आणि कर भरून हातात येणारं व्याज नेमकं महागाईएवढंच निघालं. मी हिशेब मांडून पाहिला. एकवीस-बावीस वर्षांत पुंजी संपते. तेव्हा तुम्ही ८२ च्या असाल. जगात जवळपास सगळीकडे बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, आणि तुम्ही यजमानांहून चार वर्षांनी लहान आहात. म्हणजे संपलेल्या पुंजीसमोर बसायची वेळ आलीच, तर ती बहुधा तुमच्यावर एकटीवर येईल. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण पैशाचं सगळं 'हेच' बघतात असं तुम्ही लिहिलंत, म्हणून लिहिते आहे. आणि व्याज महागाईएवढं मिळेल हीसुद्धा मेहेरबानीच. अमेरिकेत १९७० ते १९८० या दहा वर्षांत किमती दुपटीच्या वर गेल्या. तिथे १९७० साली निवृत्त होऊन ठरावीक व्याजाच्या लांब मुदतीच्या रोख्यांवर निर्धास्त बसलेल्यांचं मुद्दल शाबूतच होतं. त्यात सामान मात्र निम्मं येऊ लागलं होतं.

मुलाचं म्हणणं आता. 'लांबच्या मुदतीत बाजार वरच जातो.' जातो बहुतेक वेळा. पण लांब म्हणजे किती, हे त्याने सांगितलेलं नाही. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला आणि पुन्हा १९२९ ची पातळी गाठायला त्याला नोव्हेंबर १९५४ उजाडला. टोकियोचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ ला पोचला होता. ती पातळी ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षांनी. मधल्या काळात मिळालेला लाभांश धरला तर हे काळ बरेच आखूड होतात, आणि ही दोन्ही उदाहरणं टोकाची आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण साठाव्या वर्षी 'टोकाची' म्हणून सोडून देता येत नाहीत. मुलाचं वय कमावण्याचं आहे. बाजार पडला तर त्याला फंडाचे तेच युनिट, म्हणजे हिस्से, स्वस्तात मिळतात, तो खूश. तुम्ही त्याच दिवशी विकायला उभ्या असाल. एकच बाजार, एकच घसरण. पण तो गिऱ्हाईक आणि तुम्ही विक्रेत्या.

हे जरा जवळून बघू, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

दोन बहिणी कल्पा. दोघींकडे २० पुंजी, दोघी वर्षाच्या सुरुवातीला १ काढून घेतात, बाकी सगळं बाजारात. सोपं पडावं म्हणून महागाई बाजूला ठेवू. थोरलीच्या वाट्याला पाच वर्षांत असे परतावे आले: उणे २०, उणे १०, मग ५, १५ आणि २५ टक्के. धाकटीला नेमके हेच आकडे उलट्या क्रमाने, म्हणजे आधी २५, शेवटी उणे २०. सरासरी दोघींची सारखी. कोणीच काही काढलं नसतं, तर पाच वर्षांनी दोघींकडे २१.७ असते, दशांशालाही फरक नाही. पण दोघींनी दर वर्षी १ काढला. शेवटी थोरलीकडे उरले १५.१ आणि धाकटीकडे १७.५. फरक जवळजवळ अडीच वर्षांच्या घरखर्चाचा. थोरलीचं चुकलं काय? काही नाही. तिने पडलेल्या बाजारात विकलं, आणि जे युनिट विकून खाल्ले ते पुढच्या चढत्या वर्षांत तिच्याकडे नव्हतेच. बियाणं दळून खाल्लं, मग पाऊस चांगला झाला, असा प्रकार.

आता थोरलीने सुरुवातीलाच ३ बाजूला काढून साध्या बचत खात्यात ठेवले असते आणि पहिली तीन वर्षं त्यातूनच खाल्लं असतं तर? त्या पैशावर एक पैसा व्याज मिळालं नाही असं धरूनही पाच वर्षांअखेर तिच्याकडे १५.८ उरतात. आठ महिन्यांचा खर्च वाचला. हीच युक्ती धाकटीने केली असती तर तिचा तोटा झाला असता, १७.५ च्या जागी १७ च्या आसपास, म्हणजे साडेसहा महिन्यांचा खर्च गेला. बेगमी फुकट नसते, तिची किंमत पडते. मी ती आनंदाने मोजेन, कारण आपण थोरल्या आहोत की धाकट्या हे निवृत्तीच्या दिवशी कोणालाच माहीत नसतं, आणि थोरलीचं नुकसान भरून काढायला हातात नोकरी नसते.

दर वर्षी किती काढलं तर पुरेल, यावर विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराचं काम प्रसिद्ध आहे. गृहस्थ शिकले विमानविद्या, घरचा व्यवसाय शीतपेयं बाटल्यांत भरण्याचा, आणि या क्षेत्रात आले नंतर. १९९४ साली त्यांनी अमेरिकेच्या बाजाराचे जुने आकडे घेऊन दर वर्षीच्या काल्पनिक निवृत्ताचा हिशेब चालवून पाहिला. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढले, पुढे दर वर्षी तेवढीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली आणि निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त पुंजी शेअरमध्ये ठेवली, तर सर्वांत वाईट काळात निवृत्त झालेल्यालाही तीस वर्षं पुरले. पुढे त्यांनी स्वतःच तो आकडा थोडा वर नेला. पण हा एका देशाचा, भरभराटीच्या शतकाचा अनुभव आहे. त्याला कायदा समजू नका, अंगाला लावून बघायचा टेप समजा. तुमची तूट ०.७, पुंजी १८, म्हणजे ३.९ टक्के. जेमतेम बसतं. त्यात तुमची पेन्शन वाढत नाही, म्हणून तूट महागाईपेक्षा जरा जास्तच वेगाने वाढणार. मुलाला ४ दिले तर उरले १४ आणि टक्केवारी झाली ५. तिथे शिवण उसवते.

तर माझ्या मते मांडणी अशी असावी.

सगळ्यात आधी २ बाजूला. ही जवळजवळ तीन वर्षांची तूट. बचत खातं आणि वर्षभराच्या आतल्या ठेवी, बस. यावर व्याज किती, हा प्रश्नच विचारायचा नाही. दर महिन्याला यातून ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात यावी, पूर्वी पगार यायचा तशी, त्याच तारखेला. पगाराची सवय चाळीस वर्षांची आहे, ती मोडायचं काही कारण नाही. मग आणखी १, आजारपणासाठी, वेगळ्या ठेवीत आणि दोघांपैकी कोणालाही एकट्याच्या सहीने मोडता येईल अशी. आरोग्य विमा असला तरी ही हवीच, कारण विम्याचे पैसे कधी कधी मागून येतात आणि रुग्णालयाला ते आधी लागतात.

त्यानंतर ७ यजमानांच्या पद्धतीने: मुदत ठेवी आणि सरकारी रोखे. फक्त त्यांनी एक करावं, सगळ्या ठेवी एकाच दिवशी पिकतील असं ठेवू नये. एक, दोन, तीन अशा पाच-सहा वर्षांपर्यंत पायऱ्या कराव्यात. दर वर्षी एक पायरी मोकळी होते; व्याजदर चढले असतील तर फायदा, उतरले असतील तर सगळी पुंजी एकदम त्यात सापडत नाही. आणि एकाच बँकेत सगळं नको. बऱ्याच देशांत ठेवींना विम्याचं संरक्षण असतं, पण त्याला मर्यादा असते. ती किती ते विचारून प्रत्येक बँकेत त्याच्या आतच राहावं. हे काम त्यांना आवडेल. पायऱ्यांचा तक्ता करायला द्या, तासभर शांतता मिळेल.

उरलेले ७ मुलाच्या पद्धतीने, शेअर बाजारात. पण त्याने सुचवलेले 'चांगले' फंड नकोत. सबंध बाजार व्यापणारा साधा इंडेक्स फंड, म्हणजे निवड न करता निर्देशांकातले सगळे शेअर घेऊन ठेवणारा. शक्यतो दोन, एक आपल्या देशाचा, एक बाहेरच्या जगाचा. सामान्य माणसासाठीचा पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी १९७६ साली काढला तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले सव्वा कोटीच्याही आत, आणि लोक त्याला 'बोगलचा मूर्खपणा' म्हणत. त्या मूर्खपणाचं सारं बळ कमी खर्चात होतं. खर्च म्हणजे काय ते बघा: बाजाराने वर्षाला आठ टक्के दिले तर शंभराचे पंचवीस वर्षांत ६८५ होतात. फंडाने त्यातले दोन टक्के दर वर्षी कापून घेतले तर हातात येतात ४२९. दोन टक्के ऐकायला किती लहान वाटतात! माझ्या हिशेबाच्या नोकरीत मी माणसं एका पावलीसाठी दिवसभर ताळेबंद जुळवत बसलेली पाहिली, आणि त्याच माणसांनी आपल्या बचतीवरचा हा आकडा कधी विचारला नव्हता. मीही त्यांतलीच होते, हे सांगून टाकते.

ही रक्कम बाजारात एका दिवसात घालू नका. वर्ष-दीड वर्ष लावून, महिन्याला थोडी थोडी. गणित सांगतं की एकदम घातलेली बहुतेक वेळा सरस ठरते, आणि तरीही मी हप्त्यांनीच म्हणते, कारण पहिल्याच महिन्यात घसरण झाली तर यजमान जन्मात पुन्हा या फंडाचं नाव काढू देणार नाहीत.

२, १, ७, ७. झाले १७. उरलेल्या १ बद्दल खाली.

वर्षातून एकदा, एक दिवस नेमून, दोघांनी बसायचं. तुमचा वाढदिवस धरा. त्या दिवशी बाजारातला भाग गेल्या वर्षीपेक्षा वर असेल, तर त्यातून एका वर्षाची तूट विकून पहिल्या कप्प्यात, म्हणजे बाजूला काढलेल्या त्या २ मध्ये, भरायची. खाली असेल तर बाजाराला हात लावायचा नाही. त्या वर्षी मोकळी झालेली ठेवीची पायरी कप्प्यात घालायची. तीही पुरेनाशी झाली तर कप्पा रिकामा होऊ द्यायचा, तो त्यासाठीच आहे. आणि अशा वर्षी खर्च दहा टक्क्यांनी आवरता आला तर जरूर आवरा, दोन वर्षांची अशी काटकसर पुढचा जवळजवळ अडीच महिन्यांचा घरखर्च वाचवते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस बाजाराची बातमी ऐकली काय, न ऐकली काय. 'पडत्या वर्षी काय मोडणार' याचं उत्तर एवढंच आहे: ठेवीची पायरी, आणि तोवर कप्पा.

सत्तरी ओलांडल्यावर ठेवींच्या सातपैकी काही भाग विमा कंपनीला देऊन तहहयात वार्षिकी, म्हणजे जिवंत असेपर्यंत दर वर्षी मिळणारी ठरावीक रक्कम, घेण्याचा विचार करा. वय वाढेल तसा तिचा दर बरा मिळतो. १६९३ साली एडमंड हॅले यांनी, हो, धूमकेतूवालेच, ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला आणि अशा वार्षिकीची किंमत वयाप्रमाणे कशी ठरवावी ते दाखवलं. त्या काळी इंग्लंडचं सरकार तरुणाला आणि म्हाताऱ्याला एकाच भावाने वार्षिकी विकत असे. आज ते नको, साठीला ती महाग पडते. वहीत नोंद करून ठेवा.

बारा टक्के हमखास. यावर एका ओळीत लिहिणार होते, 'घेऊ नका', पण तुमच्या घरी ते गृहस्थ चहाला येणार आणि यजमान त्यांना नाही म्हणणार नाहीत, म्हणून थोडं जास्त. चार्ल्स पोंझी हा भामटा नव्या लोकांचे पैसे जुन्यांना नफा म्हणून वाटायचा. त्याने १९२० साली बॉस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देतो असं सांगितलं होतं. असं ऐकल्यावर निदान शंका तरी येते. बर्नार्ड मॅडॉफ याचा धंदाही तोच, पण तो त्याहून हुशार होता. त्याने वारेमाप काही कबूल केलं नाही. वर्षाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपास, पण बाजार चढो की पडो, न चुकता. त्या सरळ रेषेलाच शहाणीसुरती माणसं भुलली, आणि डिसेंबर २००८ मध्ये सगळं बाहेर आलं. तेव्हा आकडा मोठा आहे का एवढंच बघू नका. तो कधीच खाली जात नसेल तर जास्त घाबरा. त्या गृहस्थांना तीन गोष्टी लेखी मागा: नियामकाकडची नोंदणी, पैसा नेमका कुठे गुंततो, आणि या विक्रीवर त्यांना स्वतःला किती मिळतं. तिसऱ्या प्रश्नानंतर ते बहुधा चहा अर्धा ठेवून उठतील.

मुलाचं आता. तुम्ही विचारलंत द्यावेत का. ४ नाही. १ देता येईल, तोही असा की तो परत आला नाही तरी तुमच्या मांडणीत काही हलणार नाही. म्हणूनच वर १७ चाच हिशेब केला. १७ वर तुमची तूट ४.१ टक्के पडते, ओढाताण आहे, पण निभेल. कर्ज म्हणून द्यायचे तर दोघांच्या सहीचा कागद करा, परतफेडीच्या तारखांसह, आणि मनात मात्र ते गेलेच असं धरून चाला. बँकेपेक्षा जास्त व्याज देतो, हे त्याचं म्हणणं मला खटकलं. बँक त्याला ज्या दराने देते त्यात त्याच्या धंद्याची जोखीम बँकेने मोजलेली असते. तीच जोखीम आई मोजत नाही, म्हणून आईकडून घेणं सोयीचं. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. धंद्यात उतरलेल्या प्रत्येकाला आपला धंदा बुडणार नाही असंच वाटतं, नाही तर तो उतरलाच नसता. एक मात्र निक्षून. त्याच्या कर्जाला जामीन राहू नका आणि राहतं घर तारण देऊ नका. पैसे दिले तर दिले तेवढेच जातात. जामीनकीला तळ नसतो.

त्याला सांगायचं कसं, हाच तुमचा खरा घोर असणार. 'नाहीत' म्हणू नका, कारण आहेत. 'बाबांना विचार' म्हणू नका, म्हणजे तुम्ही पुन्हा सही कुठे करायची विचारणाऱ्याच झालात. आकडा सांगा. 'आम्हाला पंचाण्णवपर्यंत पुरवायचंय. त्यातून एवढेच निघतात. यापुढचे आम्ही तुझ्याच गळ्यात पडून मागू, ते तुलाही नको आणि आम्हालाही.' आणि हे बोलताना मुलीला समोर बसवा. तिला त्याच दिवशी सांगा की भावाला एवढे दिले, ते मृत्युपत्रात त्याच्या वाट्यातून वजा धरले आहेत. तिच्या न बोलण्याचा अर्थ तुम्हाला लागतो असं लिहिलंत. मग तिला बोलायला लावायची वाट कशाला बघायची?

शेवटी वही. काका गेले तेव्हा माझ्या मावशीकडे मी आठवडाभर होते. कपाटात एक पत्र्याचा डबा होता, त्यात रबर लावलेल्या पावत्या. रबर इतकं जुनं की हात लावताच तुटून पावत्यांना चिकटलं. एकवीस पावत्या निघाल्या. त्यांतल्या काही मोडून झालेल्या, पण फेकलेल्या नव्हत्या. खऱ्या चालू ठेवी सहा. दोन ठेवींवर मावशीचं नाव नव्हतं, आणि एकीवर नामनिर्देशन होतं काकांच्या आईचं, ज्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. काका मोठे काटेकोर. पेन्सिलीने कोपऱ्यात तारखा लिहिलेल्या होत्या. फक्त ते सगळं त्यांना एकट्याला वाचता येईल असं होतं. त्या दोन ठेवी मोकळ्या व्हायला सव्वा वर्ष गेलं, आणि त्या सव्वा वर्षात मावशी भाचरांकडून उसने घेऊन राहिली. पैसा तिचाच होता.

म्हणून एका दुपारी यजमानांना बाहेर पाठवा आणि तुम्ही एकट्या बसून यादी करा: खाती, ठेवी, रोखे, विमा, लॉकर, कोणाला दिलेले पैसे, पेन्शनचे कागद, फोनवरच्या खात्यांत शिरायचं कसं. जिथे अडाल तिथे रिकामी ओळ सोडा. ते घरी आले की त्या रिकाम्या ओळी त्यांच्याकडून भरून घ्या. किती ओळी रिकाम्या राहिल्या ते बघून तुम्हाला आणि त्यांनाही कळेल. मग प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचं नाव जोडलेलं आहे का आणि नामनिर्देशन ताजं आहे का ते तपासा, आणि दोघांची मृत्युपत्रं करा. बऱ्याच ठिकाणी नामनिर्देशन म्हणजे फक्त पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच असतं, मालकी कोणाची ते मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरतं. तुमच्याकडे काय चालतं ते वकिलाला विचारून घ्या, त्याची फी या सगळ्यात स्वस्त पडते.

पत्राचं घरात माहीत नाही म्हणालात. तुमचं नाव-गाव मी काढलेलं आहे, पण 'मुद्दल शाबूत तर झोप शाबूत' हे वाक्य काढलं नाही. ते वाचल्यावर यजमान ओळखतीलच. तेव्हा त्यांनी दुसरीकडे कुठे वाचण्याआधी तुम्हीच हे त्यांच्यापुढे ठेवा, आणि सोबत पायऱ्यांच्या तक्त्यासाठी कोरा कागद द्या.